दोन दातांचा फरक

गाडी बंद पडली त्याला वस्तादांनी आजवर जेवढ्यांना जबाबदार धरलं होतं, त्यांना एका रांगेत उभं केलं असतं तर रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली असती. आधी पेट्रोलपंपवाला. त्याने म्हणे पेट्रोलमध्ये पाणी घातलं. मग बॅटरी विकणारा. मग सुट्या भागांचा दुकानदार, ज्याने इंजिनाची नवी टायमिंग चेन दिली. तो तर वस्तादांच्या मते जन्मजात लबाड. एकदा तर त्यांनी गाडीच्या शेडवर बसणाऱ्या कबुतरांवरही संशय घेतला. कबुतरांनी वायर कुरतडली असेल!

बायको हे सगळं ऐकत आली होती. ऐकता ऐकता तिच्या डोक्यात तिडीक जायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या अगदी ओठांवर यायचं आणि ती ते गिळून टाकायची. कारण वस्ताद म्हणजे वस्ताद. सगळी हयात बोटी, ट्रक, जीपा, पंप, जे जे फिरतं ते ते दुरुस्त करण्यात गेलेली. नाक्यावरचा गॅरेजवाला त्यांच्याच हाताखाली शिकला आणि आता स्वतः पन्नाशीला टेकला तरी त्यांना बघितलं की विडी विझवायचा. अशा माणसाला काय बोलायचं?

ती स्वतःही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने छापखान्यात नोकरी केली होती, आणि तीही साधीसुधी नाही. रंगीत छपाईत एकाच कागदावर चार रंग एकामागून एक बसतात. कागदाच्या कडेला प्रत्येक रंगाची बारीक फुली असते. चारही फुल्या एकमेकींवर चपखल बसल्या तर चित्र ठीक, नाहीतर माणसाचे ओठ गालावर जातात. त्या फुल्या भिंगातून बघून ‘चालू द्या’ किंवा ‘थांबवा’ म्हणायचं काम तिचं. ती ‘थांबवा’ म्हणाली की मालकसुद्धा मशीन थांबवायचा. तिथे सगळे तिला भिंगवाल्या बाई म्हणत. घरी मात्र एकच वाक्य तिच्या वाट्याला आलेलं, “तुला काय कळतं त्यातलं?”

शेडच्या दाराबाहेर तिची हद्द संपायची. लग्न झाल्यापासूनचा हा कायदा. तेलाचे डाग घरात येऊ नयेत म्हणून, असं वस्ताद सांगायचे.

तिने नोकरी सुटल्यावर गाडी चालवायला शिकून घेतली, तेही नवऱ्याकडून नव्हे तर शिकवणीवाल्याकडे फी भरून. नवऱ्याने तोंड वाकडं केलं. पण गुडघे दुखतात म्हणून त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं, तेव्हा तिच्या शेजारी मुकाट बसू लागले. दर आठवड्याला ती गाडी काढून टेकडीपलीकडे थोरल्या बहिणीकडे जायची. ताईचं खुब्याचं हाड मोडलेलं, घरात दुसरं कोणी नाही. बस फक्त फाट्यापर्यंत जाते, पुढे चढण. ताईला न्हाऊ घालायचं, तिच्या चादरी बदलायच्या, दोघींनी मिळून जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, असा तो दिवस.

मग सकाळी गाडी सुरू करताना पुढून खडखड आवाज यायला लागला. वस्ताद म्हणाले, चेन सैल झालीय, बदलून टाकतो. दार आतून लावून घेतलं आणि एकट्याने चेन बदलली. त्या दिवसापासून गाडी सुरू झालीच नाही. किल्ली फिरवली की नुसतं घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिन पकडायचंच नाही.

ताईचा फोन यायचा. “येतेस ना गं?” असं ती विचारायची नाही, आणि तेच जास्त लागायचं. “गाडीला काय झालंय नक्की?” एवढंच विचारायची.

“कबुतरं,” बायको सांगायची.

जावयाने फोन करून सांगितलं, की आता भंगारात देऊन टाका, जुनी झाली. वस्तादांनी फोन आपटला. नाक्यावरचा गॅरेजवाला आपणहून आला, “मी एकदा बघू का?” म्हणाला. त्याला दारातूनच परत पाठवलं. “मी मेल्यावर बघ,” म्हणाले. बायको खिडकीतून बघत होती. तिने हातातलं फडकं इतकं पिळलं, की त्यात पाणी नव्हतं तरी थेंब पडावेत.

एके दिवशी सकाळी ती कोबी चिरत होती. वस्ताद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“जरा शेडमध्ये ये.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “कोण? मी?”

“पाठ धरलीय. वाकता येत नाही. चेनची खूण बघायचीय, बस. मी सांगतो तसं करायचं.”

वा रे वा! इतक्या वर्षांनी शेडचं दार उघडलं ते पाठ धरली म्हणून. तिने सुरी ठेवली, हात पुसले आणि गेली. आत बघते तर काय, शेड आरशासारखी स्वच्छ. प्रत्येक पाना खिळ्याला टांगलेला, प्रत्येकाची जागा ठरलेली. तेलाच्या डागांची भीती तिला का दाखवली होती कोण जाणे.

वस्तादांनी इंजिनवरचं झाकण, ज्याला ते टॅपेट कव्हर म्हणत, आधीच काढून ठेवलं होतं. बॅटरीची वायर सोडलेली, स्पार्क प्लग बाहेर. त्यांनी लांब दांड्याचा पाना तिच्या हातात दिला आणि तिचा हात धरून खाली, पुढच्या पुलीच्या मधोमध असलेल्या मोठ्या बोल्टवर बसवला.

“घड्याळाचे काटे फिरतात तसं फिरवायचं. उलटं अजिबात नाही. आणि कुठे अडखळलं तर जोर लावू नको, थांब. आत व्हॉल्व पिस्टनला लागला तर कायमचं नुकसान.”

तिने फिरवलं. आतून उसासा टाकल्यासारखा आवाज आला.

“पुलीच्या कडेला एक खाच आहे. तिच्यासमोर शून्य कोरलेलं आहे. खाच शून्यावर आली की सांग.”

“आली.”

“नीट आली का?”

“आली म्हणजे आली.”

“आता वर बघ. चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते, त्यावर एक ठिपका आहे. ठोकून केलेला, बारीक. तो इंजिनाच्या या कडेच्या रेषेत पाहिजे. आहे ना?”

ती वाकली. टॉर्च धरली. तिचे डोळे अशाच गोष्टींसाठी घडलेले. कडा इथे, ठिपका तिथे. मध्ये जागा.

“नाही. वर आहे. दोन दात वर.”

“असं होणार नाही.”

“दोन दात आहेत. मोजून सांगते.”

“तू दुसरं काहीतरी बघतेस. पुन्हा फिरव.”

तिने पुलीला पूर्ण फेरा दिला. ठिपका पार पलीकडे खाली गेला. ती दचकली, पण वस्ताद शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे. खालचं चाक दोन फेरे घेतं तेव्हा वरचं एक घेतं. अजून एक फेरा दे.” हे त्यांनी इतक्या मायेने समजावलं, की तिला क्षणभर वाटलं, हाच आवाज आधी का नाही ऐकवला या माणसाने?

दुसरा फेरा झाला. खाच शून्यावर आणि ठिपका पुन्हा तिथेच, दोन दात वर.

“तू तिरकं बघतेस,” वस्ताद म्हणाले. “समोरून बघावं लागतं. तुला काय कळतं त्यातलं.”

आता मात्र तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मला काय कळतं? केसाएवढा रंग सरकला तर मी मशीन थांबवत होते! तिरकं बघते म्हणे! या, तुम्हीच बघा समोरून.”

वस्ताद पुढे झाले. पाठ धरलेला माणूस सरळ वाकला, हे तिने टिपलं. त्यांनी नाक जवळजवळ चक्राला टेकवलं, टॉर्च इकडून तिकडे हलवली आणि म्हणाले, “हा काय ठिपका. अगदी रेषेत आहे.”

त्यांचं बोट होतं चेनच्या एका चमकत्या कडीवर. ठिपका होता त्याच्या बराच वर.

तिच्या मनात एकेक गोष्ट हलू लागली. गुडघे दुखतात म्हणून सोडलेली गाडी. “वर्तमानपत्रात हल्ली खोटंच असतं” म्हणत बंद केलेलं वाचन. चहात साखर घालताना बोटाने कपाची कड शोधणं. आणि हे सगळं तिच्या समोर, दिवसाढवळ्या, तिच्या या दोन डोळ्यांदेखत!

तिने खिळ्यावरचा एक पाना काढून त्यांच्यासमोर धरला.

“हा किती नंबरचा?”

वस्तादांनी हात पुढे केला. अंगठा पान्याच्या तोंडावर फिरवून आकार चाचपायला लागले.

“बोटाने नाही,” ती म्हणाली. “डोळ्याने. आकडा कोरलाय त्यावर. वाचा.”

वस्तादांचा हात खाली आला.

“कधीपासून?”

“थोडं धूसर दिसतं. वयाप्रमाणे होतं.”

“कधीपासून?”

“मागच्या वर्षीपासून असेल. उजव्याने तर आता नुसतं धुकं.”

तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग, तळपायाची आग मस्तकात. डोळे जातात, कोणाचेही जातात, त्यात लाज कसली? पण लपवलं कोणापासून, तर तिच्यापासून? जिची उमेदीची सगळी वर्षं बघण्यात गेली तिला आंधळं समजून हा माणूस वर्षभर घरात नाटक करत होता! आणि पेट्रोलपंपवाला चोर, दुकानदार लबाड, कबुतरं दोषी! ताई तिकडे मळक्या चादरीवर पडून राहिली ती कोणाच्या अहंकारापायी?

हे सगळं ती बोलली. तोंडावर बोलली. वस्ताद ऐकून घेत होते. आणि बोलता बोलताच ती एकदम थांबली.

“शेजारच्या बाईंच्या गाडीचे ब्रेक कोणी बसवले?”

वस्तादांचा चेहरा पांढरा पडला.

पलीकडच्या घरातल्या बाई शाळेत शिकवायच्या. रोज सकाळी आपल्या दोन लेकरांना मागे बसवून त्या उतारावरून गाडी नेत. हल्लीच वस्तादांनी त्यांच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून दिले होते, शेजारधर्म म्हणून.

“ते मी हाताने नीट चाचपून...”

“चला.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि सांगायचं तुम्ही. मी नाही.”

सुट्टीचा दिवस होता म्हणून बाई घरीच सापडल्या. वस्ताद दारात उभे राहिले, दोनदा खाकरले, हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागले. बायकोने मागून नुसता श्वास जोरात घेतला. मग ते म्हणाले, “बाई, मला नीट दिसत नाही. तुमचे ब्रेक मी बसवलेत. ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय गाडी काढू नका.”

बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी मागे वळून आत खेळणाऱ्या लेकरांकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. दारातून परत पाठवलेला तोच माणूस हत्यारांची पेटी घेऊन लगेच आला. त्याने डावं चाक काढलं, सगळं ठीक. उजवं चाक काढलं आणि ब्रेकचा एक बोल्ट पाना न लावता, नुसत्या दोन बोटांनी फिरवून दाखवला. बोल्ट आवळायचाच राहून गेला होता.

त्याने तो आवळला, हात पुसले आणि खाली बघत म्हणाला, “होतं वस्ताद असं कधीकधी.”

“नाही होत!” बायको कडाडली. गॅरेजवाला दचकून मागे सरला. “नाही होत असं! आणि होऊ द्यायचं नसतं! तुम्ही सगळे असंच म्हणत राहिलात. वस्ताद, वस्ताद, वस्ताद! तुला माहीत होतं ना? खरं सांग.”

गॅरेजवाल्याने मान खाली घातली. “गेल्या वेळी त्यांनी माझ्याकडे नट मागितला, तेव्हा समोर ठेवलेला दिसला नव्हता त्यांना. म्हणून तर आलो होतो बघायला. पण त्यांना तोंडावर कसं सांगायचं?”

“तोंडावरच सांगायचं! पाठीवर सांगायचं असतं का?”

शेजारच्या बाई दारातून हे सगळं बघत होत्या. त्या वस्तादांना म्हणाल्या, “सांगायला आलात, हे बरं केलंत.” आवाजात गोडवा नव्हता. पण दार लावून न घेता त्या उभ्या राहिल्या, एवढं खरं.

दोघं घरी परतले. तिला वाटलं, आता हे पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतील. पण ते शेडकडे वळले आणि दारात थांबून म्हणाले, “तू बघशील तर चेन आज नीट बसवता येईल.”

“बघेन. पण मी जे सांगेन ते दिसतंय असं समजायचं. तिरकं-सरळ काही चालणार नाही.”

“बरं.”

दुपारभर दोघं इंजिनवर वाकून होते. चेन ताणून धरणारा टेंशनर वस्तादांनी हाताने सैल केला, ते काम बोटांचं होतं आणि बोटं अजून वस्ताद होती. दातेरी चक्राखाली त्यांनी फडकं कोंबायला लावलं, म्हणजे बोल्ट निसटला तरी आत पडणार नाही. चेन तारेने वर बांधून ठेवली. मग त्यांनी चक्र उचललं आणि ती सांगत गेली. “अजून एक दात. थांबा, निसटला. पुन्हा. आता खाली. खाली म्हणजे माझ्याकडे. हां!”

“बसला?”

“थांबा.” तिने कपाटातून छापखान्यातलं भिंग आणलं. गरज नव्हती, पण आणलं. ठिपका आणि कड एका रेषेत होती. “चालू द्या,” ती म्हणाली.

हाताने दोन फेरे देऊन पुन्हा बघितलं. खाली खाच शून्यावर, वर ठिपका रेषेत. झाकण बसलं, प्लग बसले, वायर जोडली. ती किल्लीजवळ बसली. पहिल्यांदा घुर्र. दुसऱ्यांदा इंजिनाने पकडलं, धुराचा एक लोट टाकला आणि सुरात फिरायला लागलं. खडखड नाही.

वस्तादांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, “चेन दोन दात सरकली होती.”

तिने इंजिन बंद केलं.

“सरकली होती?”

“म्हणजे, बसवताना चुकली होती.”

“आपोआप चुकली? चेनला पाय फुटले होते का?”

“अगं, आता झालं ना सुरू...”

“कोणी चुकवली? तेवढं सांगा. मी किल्ली हातात धरून बसलेय, मला कुठे जायची घाई नाही.”

वस्तादांनी बॉनेटवरचा हात काढला. फडक्याला पुसला. एकेक बोट पुसलं.

“मी चुकीची बसवली,” ते म्हणाले. “मला ठिपका दिसला नाही. दुकानदाराचा दोष नव्हता.”

“आणि कबुतरांचा?”

“कबुतरांचाही नव्हता.”

तिने पुन्हा किल्ली फिरवली. राग काही उतरला नव्हता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. माणसाने चूक कबूल केली की समोरच्याने विरघळायचं असतं, असं सगळे म्हणतात. तिला मात्र वर्षभराचं सगळं एका वाक्यात मिटवायचं नव्हतं. रात्री त्यांच्या पाठीला तेल चोळायला तिने साफ नकार दिला. पाठ धरलीच नव्हती मुळी!

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात चांगलाच पिकलेला. आधी दाखवायला आला असतात तर इतका त्रास झाला नसता. वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. तिने छताकडे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि तोपर्यंत शेडची किल्ली तिच्याकडे राहील असंही ठरलं, ते डॉक्टरांनी नव्हे, तिने ठरवलं.

तिथूनच ती थेट टेकडीपलीकडे निघाली. चढणीवर वस्ताद म्हणाले, “गिअर उशिरा टाकतेस.” तिने गिअर आणखी उशिरा टाकला.

ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. केसांच्या नुसत्या झिंज्या. बहिणीला बघताच तिने तोंड फिरवलं, मग हात पुढे केला. बायकोने आधी मोरीत पाणी तापत ठेवलं, चादरी ओढून काढल्या आणि त्या धुवायला घेतल्या. खोलीत ताईने वस्तादांना विचारलं, “काय हो, एवढं काय झालं होतं गाडीला?”

मोरीत तिचा हात चादरीवर थांबला.

“मी चेन चुकीची बसवली,” वस्ताद ताईला सांगत होते. “डोळ्यांनी दिसत नव्हतं, ते कोणाला कळू दिलं नाही. शेजारच्या बाईंच्या लेकरांचा जीव जाता जाता राहिला. हिने पकडलं.”

ताईने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, “आणि मला इथे कबुतरं सांगितलीत.”

“हो.”

बायकोने चादर पाण्यात बुडवली. तेवढ्यात वस्तादांचा आवाज पुन्हा आला, किंचित मोठा, किंचित जुना.

“पण एक सांगतो ताई, पहिल्यांदा तिने पाना उलटाच धरला होता.”

“खोटं!” ती ओल्या हातांनीच मोरीतून बाहेर आली. “साफ खोटं! पाना तुम्हीच बसवून दिला होतात!”